चॅनल १९ आणि घरामागची नवी अँटेना

ओहायो राज्यात, कोलंबस आणि स्प्रिंगफील्ड या शहरांच्या मधे आमचं घर आहे. आजूबाजूला मका आणि सोयाबीनची सपाट शेतं, आणि पाचेक किलोमीटरवर इंटरस्टेट ७० हा महामार्ग. त्यावरून रात्रंदिवस मालट्रक धावतात. त्या ट्रकांमधली माणसं एकमेकांशी काय बोलतात ते माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत ऐकू येतं. पुढे अपघात झालाय, उजवी लेन बंद आहे, वजनकाटा उघडा आहे, अमक्या पंपावर रात्री गाडी लावायला जागा उरली नाही. हे सारं चालतं सीबीवर, म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओवर, आणि बहुतेक सगळं चॅनल १९ वर. यंदा मी या रेडिओसाठी घरामागे नवी अँटेना उभी केली. अँटेना उभारणं आणि ती खरोखर काम करते की नाही हे तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीकडे फार थोडे लोक लक्ष देतात. म्हणून हे लिहिते आहे.

माझे वडील कोयनेच्या पोफळी वीजगृहात नोकरीला होते. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, लग्नानंतर इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत वीज वितरणाच्या कामात राहिले. सीबीवर प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं, त्याला इथे ‘हँडल’ म्हणतात. माझं हँडल ‘कोयना’. ट्रकवाल्यांच्या तोंडी ते छान बसतं.

सीबी ही सामान्य माणसाची बिनतारी सेवा. अमेरिकेत तिचा आजचा २७ मेगाहर्ट्झचा पट्टा १९५८ साली खुला झाला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी सीबी हाती घेतला, आणि बघता बघता सारा देश त्यावर बोलू लागला. अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचंही हँडल होतं, ‘फर्स्ट मामा’. गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७ पासून २३ चॅनलची ४० करावी लागली. १९८३ साली परवान्याची अटही गेली. आज इथे कुणीही दुकानातून संच आणून बोलू शकतो. अट शक्तीची आहे. नेहमीच्या एएम पद्धतीत ४ वॉट, सिंगल साइडबँडवर १२ वॉट, त्यापुढे नाही.

मोबाइल असताना हे कशाला, असं मला नात्यातले लोक विचारतात. २९ जून २०१२ ला ‘डेरेचो’ जातीचं वादळ ओहायोवरून गेलं. ऐन उन्हाळ्यात लाखो घरांची वीज गेली आणि कित्येक ठिकाणी आठवडाभर आली नाही. मी तेव्हा कामावर होते. आमच्या भागात मोबाइलला रेंज येत-जात होती, पण शेतकऱ्यांच्या पिकअपमधले सीबी चालू होते. बर्फ कुठे मिळतोय, कुणाच्या घरी ऑक्सिजनवरचं माणूस आहे, कुणाकडे जनरेटर रिकामा आहे, हे त्यावरून कळत होतं. गाडीतल्या अँटेनाची पोच थोडी, म्हणून निरोप एकाकडून दुसऱ्याकडे असे पुढे सरकत. आमच्या भागात एका घरी जरी उंच अँटेना असती तर हे काम किती सोपं झालं असतं, हा विचार तेव्हापासून डोक्यात होता.

आता अँटेनाच्या लांबीबद्दल. रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर जातात. चॅनल १९ ची वारंवारता २७.१८५ मेगाहर्ट्झ. भागाकार केला की एका लहरीची लांबी ११ मीटर येते. अँटेना या लांबीच्या ठरावीक हिश्शाची असते: पाव लहर म्हणजे पावणेतीन मीटर, अर्धी लहर साडेपाच मीटर, पाच अष्टमांश लहर जवळपास सात मीटर. पाव लहरीच्या अँटेनाला खाली चहूकडे आडव्या-तिरप्या दांड्या लागतात. मी अर्ध्या लहरीची, फायबरग्लासच्या नळीत तांब्याची तार असलेली उभी काठी निवडली. तिला आडव्या दांड्या लागत नाहीत, त्यामुळे इथल्या हिवाळ्यात बर्फ साचून मोडायला काही नसतं. उभीच का, तर ट्रकवरची अँटेना उभी असते. एकाची उभी आणि दुसऱ्याची आडवी असेल तर जवळच्या अंतरातही आवाज खूप क्षीण होतो.

जागा निवडायला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. इथल्या नियमानुसार सीबी अँटेनाचा शेंडा जमिनीपासून ६० फुटांच्या, म्हणजे १८.३ मीटरच्या वर नेता येत नाही; घरावर किंवा झाडावर बसवली तर त्याच्या माथ्यापासून २० फुटांची वेगळी मुभा आहे. माझा लोखंडी खांब ९ मीटरचा, त्यावर साडेपाच मीटरची काठी, एकूण साडेचौदा. आमच्या रस्त्याच्या कडेने ७,२०० व्होल्टची लाइन जाते. खांब उभा करताना किंवा वादळात तो कोणत्याही बाजूला आडवा झाला, तरी त्याचा शेंडा तारेपर्यंत पोचता कामा नये. एकूण उंचीच्या किमान दीडपट अंतर हवं असं मी मानते. आमच्याकडे मागे अंगण मोठं आहे, म्हणून दुपटीहून जास्त अंतर ठेवता आलं. घराला येणारी सर्व्हिस वायरही मी मोजून घेतली.

हा माझा हट्ट कशापायी आहे ते सांगते. १९७० च्या दशकात सीबीची लाट आली तेव्हा घराघरांत माणसं हाताने अँटेना उभ्या करू लागली. काठी वर नेताना किंवा जुनी उतरवताना ती विजेच्या तारेला लागून कितीतरी माणसं दगावली. बहुधा मदतीला आलेला मुलगा किंवा भाऊही त्याच खांबाला धरून असायचा. शेवटी इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सीबीच्या घरगुती अँटेनांसाठी सक्तीचं मानक आणलं आणि ते १९८३ पासून लागू झालं. अँटेना १४,५०० व्होल्टच्या तारेला टेकली तरी धरणाऱ्याला प्राणघातक झटका बसू नये, इतकं आवरण तिला हवं. फायबरग्लासच्या काठीचा हा एक मोठा फायदा. तरीही आवरण जुनं होतं, उन्हाने चिरतं, ओलं होतं. त्याच्या भरवशावर तारेजवळ जाऊ नये. मी लाइनमन मंडळींबरोबर आयुष्य काढलं आहे आणि असा अपघात झालेल्या घरी पंचनाम्याला गेले आहे. त्यामुळे अंतराच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

अर्थिंगसाठी अडीच मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड ठोकायचा होता. जमिनीत काही ठोकायच्या किंवा खणायच्या आधी इथे ८११ या क्रमांकावर फोन करतात. मग माणसं येऊन जमिनीवर रंग मारून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस, केशरी म्हणजे टेलिफोन, निळा म्हणजे पाणी. सेवा फुकट आहे. खांबाच्या पायाशी रॉड ठोकला, आणि तो घराच्या मूळ अर्थिंगला तांब्याच्या जाड तारेने जोडला. ही जोडणी फार महत्त्वाची. दोन अर्थिंग वेगवेगळे राहिले तर वीज जवळपास पडली तरी दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक तुमच्या रेडिओतून वाट काढतो. केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर लावला आहे. एवढं करूनही आभाळ गडगडू लागलं की मी केबल काढून बाहेरच ठेवते.

केबल. बाजारात आरजी-५८ नावाची बोरूएवढी बारीक केबल मिळते, वळवायला सोपी आणि स्वस्त. पण या वारंवारतेला तिच्या ३० मीटरमध्ये सुमारे ४० टक्के शक्ती उष्णता होऊन जाते. चार वॉटपैकी जेमतेम सव्वादोन-अडीच वर पोचतात, आणि येणारा क्षीण आवाजही त्याच प्रमाणात मरतो. आरजी-२१३ ही जाड केबल तेवढ्याच अंतरात तीन वॉटच्या वर पोचवते. मी जाड घेतली. टोकांचे कनेक्टर स्वतः सोल्डर केले, मल्टिमीटरने आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना टेकत नाहीत याची खात्री केली. वरच्या जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळली, कारण केबलमध्ये एकदा पाणी शिरलं की ती फेकून द्यावी लागते. इथे एक सांगून ठेवते. अँटेना जोडल्यावर मल्टिमीटर लावला तर पुष्कळ अँटेनांत तो शॉर्ट दाखवतो. स्थिर विद्युतभार जमिनीत जावा म्हणून त्या आतून तशाच केलेल्या असतात. तो दोष नाही, घाबरून काही उघडू नये.

काठी उभी करायला शेजारचे शेतकरी काका, त्यांचा मुलगा आणि माझे यजमान होते. वारा नसलेली सकाळ बघितली, तीन बाजूंनी ताणाच्या दोऱ्या बांधल्या, एक माणूस फक्त वर आणि तारांकडे बघायला ठेवला. अर्ध्या तासाचं काम.

आता मीटर. सीबीवाल्यांच्या तोंडी सदैव एक शब्द असतो, एसडब्ल्यूआर. रेडिओतून निघालेली शक्ती अँटेनापर्यंत जाते. अँटेना आणि केबल यांचं जुळत नसेल तर त्यातली काही परत फिरते. जाणारी आणि परतणारी लहर यांच्यातून हे गुणोत्तर काढतात. आकडा १ आला तर काहीच परतलं नाही. दीडला ४ टक्के परततात, दोनला ११ टक्के, तीनला २५ टक्के. दीडच्या आत असेल तर निवांत राहावं, तीनच्या वर असेल तर बोलू नये, रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

हा आकडा एका चॅनलवर घेऊन भागत नाही. पहिला, मधला आणि शेवटचा, असे १, २० आणि ४० वर घ्यावेत. माझ्याकडे सुरुवातीला चॅनल १ वर १.८, २० वर १.५ आणि ४० वर १.३ आला. आकडा वरच्या चॅनलकडे उतरतोय म्हणजे अँटेनाचा सूर वरच्या वारंवारतेला लागतोय, म्हणजे ती विजेच्या हिशोबाने आखूड आहे. उलट असतं तर लांब. काठीच्या बुडाशी फिरवायच्या कड्या असतात. खांब खाली घेऊन कड्या हलवल्या, पुन्हा उभा केला, आणि तिन्ही आकडे दीडच्या आत आले. खांब उतरवण्याचा कंटाळा करून माणूसभर उंचीवरच मोजमाप करणारे आहेत. जमीन इतकी जवळ असली की तीच अँटेनाचा सूर बिघडवते. मोजायचं ते पूर्ण उंचीवरच.

बहुतेक लोक इथे थांबतात, आणि माझं खरं सांगणं इथून पुढे आहे. एसडब्ल्यूआर अँटेनाची गुणवत्ता सांगत नाही. किती शक्ती परत आली एवढंच तो सांगतो. जी परतली नाही ती हवेत गेली की कुठेतरी जिरली, ते मीटरला कळत नाही. ५० ओहमचा एक साधा रोधक, ज्याला डमी लोड म्हणतात, तो केबलच्या टोकाला लावा. आकडा चोख १ येईल आणि बाहेर कुणालाही काही ऐकू येणार नाही. बारीक केबलही अशीच फसवते. जाताना शक्ती जिरते, परतताना पुन्हा जिरते, त्यामुळे वर अँटेनापाशी ३ असलेला आकडा आरजी-५८ च्या ३० मीटर खाली सुमारे १.८ दिसतो. माणूस समाधानाने चहा प्यायला जातो. म्हणून जमेल तर मोजमाप केबलच्या वरच्या टोकाशी करावं. नॅनोव्हीएनए नावाचं हातात मावणारं यंत्र आता हौशी माणसाला परवडतं.

आणखी एक खूण. केबल नुसती हलवली, हाताने धरली किंवा लांबी थोडी बदलली आणि आकडा बदलला, तर केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहतोय असं समजावं. केबल स्वतःच अँटेना झालेली असते. आडव्या दांड्या नसलेल्या अँटेनाला हा त्रास हमखास होतो. उपाय सोपा आहे. अँटेनाच्या बुडाशीच केबलचे काही मोठे वेढे घालून ते पट्ट्यांनी घट्ट बांधावेत, किंवा फेराइटची कडी घालावीत. मी वेढे घातले आणि दुसरा एक फायदा झाला. केबलच्या बाहेरून घरातला विजेचा गोंगाट अँटेनाकडे चढायचा, तोही कमी झाला.

या गोंगाटाकडे मी दुर्लक्ष करू शकत नव्हते. नवी अँटेना जोडल्याबरोबर रेडिओवर सतत खरखर, आवाजाची तीव्रता दाखवणारा काटा एस-७ वर. मी रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच बंद केला. काटा एस-२ वर आला. म्हणजे शत्रू घरातच होता. मग एकेक ब्रेकर वर करत गेले. गॅरेजमधल्या एलईडी ट्यूबांचा ब्रेकर वर केला आणि काटा उडाला. त्यांच्या आतला स्वस्त ड्रायव्हर २७ मेगाहर्ट्झवर ओरडत होता. एक एस म्हणजे ६ डेसिबल धरतात. पाच एस म्हणजे ३० डेसिबल, शक्तीत हजार पट. सीबीचे काटे तितके अचूक नसतात, तरी अंदाज यावा. ट्यूबा बदलल्या, आणि आधी खरखरीखाली गाडले गेलेले ट्रक ऐकू येऊ लागले. बेकायदा अॅम्प्लिफायर विकत घेऊन शक्ती वाढवणाऱ्यांना मला हे आवर्जून सांगायचं आहे. शक्ती दुप्पट केली तर समोरच्याच्या काट्यावर अर्धा एस वाढतो. तुम्हाला ऐकू येण्यात तर त्याने काडीचाही फरक पडत नाही.

शेवटची चाचणी रस्त्यावर. शेजारचे काका पिकअप घेऊन यूएस ४० या जुन्या नॅशनल रोडने निघाले. हा रस्ता इंटरस्टेट ७० ला समांतर जातो. मी खोलीत दोन अँटेना एका स्विचला जोडून बसले, नवी आणि शेडच्या पत्र्यावरची जुनी चुंबकाची. ते ठरावीक खुणांवर थांबून बोलत, मी दोन्हींवर ऐकून वहीत टिपत होते. एकाच क्षणी, एकाच आवाजावर, एकाच रेडिओवर केलेली ही तुलना मला कोणत्याही मीटरपेक्षा विश्वासाची वाटते. आज ऐकलं आणि उद्या ऐकलं याला तुलना म्हणत नाहीत, कारण हवा आणि सूर्य दोन्ही बदललेले असतात. सपाटीवर हिशोब असा: अँटेनाचा मध्य १२ मीटरवर, ट्रकची चार मीटरवर, तर क्षितिजाच्या हिशोबाने २२ किलोमीटरची पोच. जुनी अँटेना याच्या निम्म्यावर दमली. नवीने पश्चिमेला हिशोबाच्या थोडं पुढेपर्यंत साथ दिली. पूर्वेला मात्र बिग डार्बी क्रीकच्या उतारावर काका ओढ्याकडे उतरले आणि आवाज बुडाला, पलीकडच्या चढावर पुन्हा आला. तेवढा भाग मी नकाशावर रंगवून ठेवला आहे. तिथल्या माणसाला निरोप हवा असेल तर मधल्या गाडीची मदत लागणार, हे आता आधीच ठाऊक आहे.

दूरच्या गप्पांना मी चाचणीत धरलं नाही. सध्याचं पंचविसावं सौरचक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं. सूर्य असा तापलेला असताना आकाशातला आयनांबर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत खाली वळवतो आणि हजारो किलोमीटरवरची माणसं शेजारी असल्यासारखी येतात. चॅनल ३८ वर लोअर साइडबँडला दुपारी ॲरिझोना, कॅलिफोर्निया सहज लागतं. १५५ मैलांपलीकडे बोलायला पूर्वी बंदी होती, ती २०१७ साली उठली. आनंद मोठा आहे, पण ते यश सूर्याचं. कपडे वाळत घालायच्या तारेनेही त्या दिवशी ॲरिझोना लागतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. भारतातही २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा अल्प शक्तीच्या संचांना परवान्यातून मोकळा आहे, पण अटी अमेरिकेपेक्षा वेगळ्या आहेत. इथलं ऐकून तिकडे गच्चीवर काठी लावू नका, आधी नियम वाचा. अँटेनांचीच खरी ओढ असेल तर दूरसंचार विभागाची हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, परीक्षा द्या. हॅम परवान्यात करायला आणि शिकायला खूपच जास्त आहे. आणि गच्चीवर असो की शेतात, कोणतीही काठी उचलण्यापूर्वी वर बघा. आपल्याकडे गावोगाव ११ हजार व्होल्टच्या तारा घरांना खेटून जातात आणि त्यांना आवरण नसतं. काठीच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळं मिळत नसेल, तर ती जागा सोडा.